अनुस्वार फुकट

अक्षराला चार आणे.
काना, मात्रा, वेलांटी फुकट.
'मतदारसंघ' लिहिताना अब्बा दरवेळी कुरकुरायचे:
सहा अक्षरांचे पैसे,
वरचा टिंब माझ्या पदरचा.

दोऱ्याचं एक टोक मी धरायची.
कावेत भिजवलेला दोरा
अब्बा मधोमध चिमटीत उचलून सोडत
आणि सोसायटीच्या गोदामावर
एक तांबडी रेघ उमटे.
त्या रेघेला लोंबकळत कराड यायचं.
खरं कराड मी बघितलं नव्हतं.
ठाऊक होता तो क, पोटात गाठ मारलेला,
आणि ड, उकिडवा बसलेला.

सदुसष्टला, ऊसतोडीच्या दिवसांत
अब्बांनी शिंदीची काडी ठेचून कुंचला केला,
बैलजोडी काढली. डाव्या बैलाचं वशिंड मोठं झालं.
त्याच दुपारी, शेजारच्याच भिंतीवर
दुसऱ्यांची झोपडी काढली,
दार काढायचं विसरले.
झोपडीवाले भांडायला आले, चहा पिऊन गेले.
दहा महिन्यांनी पहाटे कोयनेची जमीन हलली.
गोदाम उभं राहिलं, पण भिंत चिरली
ती नेमकी दोन बैलांच्या मधून.
पुढं दोन वर्षांनी दिल्लीत जोडी फुटल्याचं रेडिओनं सांगितलं
तेव्हा नामा गुजले पारावर म्हणाला,
आमच्या भितीला आधीच कळलं हुतं.

त्याला वेस नव्हती, त्या मतदारसंघाला.
जकात नाका नव्हता, उरूस नव्हता.
कुठं सुरू होतो हे
तहसीलदाराच्या टेबलावरच्या नकाशालाच माहीत.
पाच वर्षांनी एक जीप यायची,
तारळीच्या उतारापर्यंत,
पाणी असलं तर तिथूनच हात हलवून वळायची.
भागूबाई लुगड्यांनी एकदा विचारलं,
त्यो मतदारसंग ऱ्हातो कुठं? घरी गावतो का?
सगळे हसले.
मी नाही हसले, मलाही तेच विचारायचं होतं.

सत्याहत्तरला रात्री कंदील धरून लिहिलं.
कुणासाठी, ते अब्बा बोलले नाहीत,
सकाळी फक्त हात दगडानं घासत बसले.

गाय गेली, वासरू गेलं.
चुन्यावर चुना चढत गेला
आणि भिंत बोटभर जाड झाली.
मग फ्लेक्स आले. साताऱ्याहून गुंडाळी यायची,
त्यात उमेदवाराचा गाल आमच्या दाराएवढा.
अब्बांचा कुंचला वाळून काठी झाला,
आईनं तो चुलीत सारायच्या आधी मी लपवला.

आठ साली ग्रामसेवक सांगत आले,
सुभानभाई, तुमचा मतदारसंघ संपला.
आता आपण साताऱ्यात.
अब्बा खाटेवर होते. विचारलं, कुणी खोडला?
आयोगानं.
कुठला पेंटर हा?
पेंटर नाही, कागदावरच झालं सगळं.
अब्बा बराच वेळ बोटं मोडत राहिले.
मग मला म्हणाले:
कराड तीन अक्षरं, सातारा पण तीनच. बिल तेवढंच.
पण काने बघ, शमे. एकाच्या जागी तीन.
दोन फुकटात गेले.

त्यांच्या पाठीमागं चार-पाच पावसाळे झाले.
भिंतीचे पापुद्रे सुटायला लागले,
वरचे आधी, मग खालचे, मग सगळे मिसळून.
क पहिला गळाला.
उरलं नुसतं 'राड', आणि पुढं लोकसभा मतदारसंघ.
कॉलेजची पोरं त्यापुढं उभी राहून फोटो काढत.
खोटं काय होतं त्यात, असंही कुणी म्हणालं.

मी शिडी मागून आणली.
गुडघे कुरकुरले.
वाटलं होतं, क पुन्हा काढीन.
वर चढल्यावर नाही काढला.
तीच काडी भिजवली, काव कालवली
आणि 'स'च्या डोक्यावरचा तेवढा टिंब उजळला.
खाली उभ्या पोरानं विचारलं,
एवढंच? ते कशाला, आज्जी?
म्हटलं, ह्याचे पैसे आम्ही कधी घेतले नव्हते.